चारशे बारा पोथ्यांचा बारकोड

१२ सप्टेंबर २०११, सोमवार. संध्याकाळी ६.१०

काल गणपती गेले. आज नवी वही, नवं काम. ही वही कोणाला दाखवायची नाही. बायकोला, आनंदीला तर मुळीच नाही, ती वाचेल आणि वर शुद्धलेखन सुधारेल.

पुण्याहून ट्रस्टचं पत्र आलं आहे. आपल्या रामघाटाच्या पोथीशाळेतल्या चारशे बारा पोथ्या पुण्याला हलवायचं घाटतंय. कारण दिलंय की इथे धड यादी नाही, मागितलेली पोथी मिळेल की नाही हे एका माणसाच्या आठवणीवर अवलंबून. १४ नोव्हेंबरला प्रेमलाबाई म्हणून कोणी तपासायला येणार. त्यांना व्यवस्था पटली तर पोथ्या इथेच राहतील.

तो एक माणूस म्हणजे आमचे बिंदुमाधवशास्त्री. वय अठ्ठ्याहत्तर. एक्केचाळीस वर्षं पोथ्या सांभाळतात आणि शाळेच्याच मागच्या खोलीत राहतात. पोथ्या गेल्या तर ती खोलीही जाईल. म्हातारा माणूस कुठे जाणार?

मी मानद चिटणीस. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढली. लेबल या विषयात अख्ख्या बनारसमध्ये माझ्याइतका अनुभव कोणाला असेल असं वाटत नाही. लगेच उत्तर लिहिलं, प्रत्येक पोथीला बारकोड लागेल, कुठलीही पोथी एका मिनिटात हजर करू. पत्र पोस्टात टाकून आलो.

मग बारकोड म्हणजे नक्की काय असतं ते बघायला बसलो.

१५ सप्टेंबर, गुरुवार

बिस्किटाच्या पुड्यावरच्या रेघा भिंगातून पाहिल्या. तीन दिवसांत पाच पुडे संपले. आनंदी म्हणते, अभ्यास बाहेरच्या कागदाचा आहे, आतलं का खाता?

शरदिनीला लखनौला फोन केला. मुलगी बँकेत आहे, तिला हे माहीत असतं. ती म्हणाली, बाबा, वो वाला नहीं, दुकानातल्या कोडमध्ये नुसते आकडे असतात. तुम्हाला अक्षरं पण हवी असतील तर कोड थर्टीनाइन घ्या. त्याचा फाँट फुकट मिळतो. एरवी टाइप करतो तसं टाइप करायचं, अक्षराच्या जागी रेघा उमटतात. आणखीही बरंच सांगत होती, पण मला मुद्दा कळला होता.

१७ सप्टेंबर, शनिवार. दुपारी

सगळं समजलं. एका अक्षराला नऊ पट्ट्या, पाच काळ्या आणि मधल्या चार पांढऱ्या. नवातल्या तीन जाड, बाकी बारीक. कुठल्या तीन जाड त्यावरून अक्षर ओळखायचं. पत्रिकेत नऊ ग्रह असतात आणि खरं काम दोन-तीनच करतात, तसंच हे. लोक उगाच घाबरतात.

इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं, एवढंच चालतं. मराठी चालत नाही हा त्यातला दोष. फाँटबरोबर एक सूचनापत्रक आहे. प्रत्येक कोडच्या आधी आणि नंतर एक तारा टाका असं त्यात लिहिलंय. कसली तरी परदेशी सजावट असणार. आपल्याकडे कुठल्याही कागदाची सुरुवात श्रीनं होते. म्हणून तारे काढले आणि दोन्हीकडे SHREE टाकलं. पहिली पोथी: SHREE-VED-001-SHREE.

छापल्यावर लेबल पोथीपेक्षा लांब निघालं. दोन्ही बाजूंची कोरी जागा कात्रीनं कापली, आता बरोबर बसतं.

१९ सप्टेंबर, सोमवार

स्कॅनर आला. पिस्तुलासारखा आहे. त्यातून लाल उजेड पडतो, बिस्किटाचा पुडा वाचला की टुंग वाजतं आणि कॉम्प्युटरवर आकडे उमटतात. तेलाची बाटली, खोकल्याचं औषध, शेजाऱ्यांची साबणाची वडी, सगळं वाचलं. आपलं लेबल वाचत नाही. सकाळी सात ते साडेदहा प्रयत्न केला.

नवीन मशीन आहे. सवय होईल.

२४ सप्टेंबर, शनिवार

पितृपक्ष असल्यामुळे शास्त्रीबुवांना श्राद्धाच्या घरांमधून सवड नव्हती, तरी पाच दिवस रोज तीन तास बसलो आणि यादी पुरी केली. ते पोथीवर हात ठेवतात आणि नाव सांगतात. मी टाइप करतो, पुढे नंबर घालतो.

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे, म्हणजे सुधारण्यासारखी. प्रत्येक पोथी वेगळ्या कापडात बांधलेली. कोणाच्या धोतराचा तुकडा, कोणाच्या नऊवारीचा. वेदाच्या पोथीची गाठ उजवीकडे, ज्योतिषाची डावीकडे, वैद्यकाला दोन गाठी. कापड बोटांनी चाचपलं की नाव तोंडात. वाचत काहीच नाहीत, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शंभरावर पोथ्यांचं पहिलं-शेवटचं पान गहाळ आहे, म्हणजे उघडून बघितलं तरी नाव मिळायचं नाही, पण यांना कापडावरून कळतं. एक अंजिरी तुकडा त्यांच्या सीताबाईंच्या लुगड्याचा होता. त्यावर हात जरा जास्त वेळ राहिला. सीताबाईंना जाऊन सव्वीस वर्षं झाली. माझा वेळ चालला होता, पण बोललो नाही.

शरदिनी म्हणते, प्रत्येक पोथीची पानं मोजून यादीत लिहा, पुढे काही गडबड झाली तर उपयोगी पडेल. आपल्याकडे गडबड होणार नसल्यामुळे वेळ वाचवला.

२६ सप्टेंबर, सोमवार

तारे सजावटीचे नव्हते. कोड कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते स्कॅनरला ताऱ्यावरून कळतं. कापलेली कोरी जागाही लागते म्हणे, नाहीतर पहिली रेघ कुठली ते त्याला समजत नाही. शरदिनीनं हे सगळं पहिल्याच फोनमध्ये सांगितलं होतं असं तिचं म्हणणं. लाइन खराब असावी.

जड मनानं श्री काढलं. दोन्हीकडे तारे, मध्ये नुसतं V001. टुंग! कॉम्प्युटरवर V001. तारे दिसतसुद्धा नाहीत, आपलं काम करून गप्प बसतात. मी ओरडलो म्हणून आनंदी पोळी तव्यावर टाकून धावत आली. पोळी जळली. तिला V001 दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे काय? मी म्हटलं, म्हणजे ऋग्वेद.

२८ सप्टेंबर, बुधवार. घटस्थापना

शुभ दिवस. चौकातल्या गुप्ताजींच्या छापखान्यात चारशे बारा स्टिकरांची ऑर्डर दिली. लाल रंगात. पवित्र पोथीवर काळ्या रेघोट्या बऱ्या दिसतात का? जुने लेखकूही अध्यायाचं नाव आणि दंड हिंगुळाच्या लाल शाईनंच लिहायचे. गुप्ताजी म्हणाले, बाबूजी, करिया में करवा लेतीं त ठीक रहत. काळं का नको ते सांगून मी त्यांना हिंगुळाबद्दल समजावलं. अर्ध्या तासानं त्यांनी हात जोडले. पटलेलं दिसलं.

६ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गेल्या चार दिवसांत इतकं काम केलं की रेल्वेत असतो तर बढती मिळाली असती. लाल लेबलाला शोभेल असं लाल खादीचं कापड आणलं, चारशे बारा सारखे चौकोन फाडून घेतले आणि सगळ्या पोथ्या नव्यानं बांधल्या. सगळ्यांची गाठ मधोमध. फळीवर बघाल तर डोळे निवतात. जुन्या चिंध्या बोहारणीला दिल्या. तिनं एक मोठं स्टीलचं पातेलं दिलं.

आनंदीनं सुचवलं, लेबल लागेपर्यंत प्रत्येक पोथीत पेन्सिलीनं नाव लिहून चिठ्ठी घालते, मी बसते दोन दुपारी. बारकोडच्या जमान्यात चिठ्ठी! शिवाय पोथ्या फळीवर यादीच्याच क्रमानं लावल्यात. पहिली ती V001. यात चुकायला जागाच नाही.

शास्त्रीबुवा दसऱ्याच्या पूजेला आले. पोथ्यांची पूजा झाली, मग स्कॅनरलाही हळदकुंकू वाहिलं. नंतर त्यांनी फळीवर हात ठेवला. एका पोथीवर, दुसरीवर, पाचवीवर. म्हणाले, वासुदेवा, छान झालंय हो सगळं. तो अंजिरी तुकडा तेवढा मला दे. मी म्हटलं, नीट ठेवलाय.

सकाळी दूध त्या पातेल्यातच तापवलं होतं. मला चहा नको वाटला. ॲसिडिटी असावी.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

लाल लेबलं आली. चारशे बारापैकी वाचलेली लेबलं: शून्य.

आधी वाटलं काचेवर कुंकू बसलंय. कापसानं पुसलं. शून्य. शरदिनी म्हणाली, बाबा, स्कॅनरचा उजेडच लाल, त्याला लाल रेघ आणि पांढरा कागद एकच दिसतो, आप तो कमाल करते हैं. हे स्कॅनरच्या डब्यावर ठळक छापायला हवं होतं. कंपनीला पत्र लिहिणार आहे.

गुप्ताजी म्हणाले, हम त पहिलहीं कहले रहलीं. चेहऱ्यावर विजय होता. दिवाळीच्या आणि लग्नाच्या पत्रिकांची गर्दी आहे, काळी लेबलं चोवीस तारखेला देतील. तोवर पोथ्या बिनलेबलाच्या राहतील. हरकत नाही, क्रम आहे.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

शास्त्रीबुवांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस त्यांना संकठा घाटाला आमच्या घरी आणलंय. डोळ्यावर हिरवी पट्टी. पाणी लागू द्यायचं नाही, वाकायचं नाही. आनंदी वेळेवर थेंब घालते. ते पडल्या पडल्या पोथ्यांची चौकशी करतात, घरच्या माणसांची करावी तशी.

पाऊस संपल्यावर आश्विनात पोथ्यांना ऊन दाखवायची पद्धत आहे. ते रोज वीस पोथ्या वर नेतात आणि वीसच परत आणतात, महिना घालवतात. या वर्षी काळजी करू नका, मी करतो असं सांगितलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

२० ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी २

एका दिवसात चारशे बारा. पार्सल ऑफिसात एका पाळीला याहून जास्त चढवलीत. दोन मजूर लावले. साडेआठला सगळ्या पोथ्या गच्चीवर, क्रमानं, ओळीत वीस-वीस. खाली गंगा, वर ऊन, मध्ये सगळी लाल. फोटो काढायला हवा होता.

सव्वाअकराला माकडं आली.

एरवी पाच-सहा येतात. लाल रंग लांबून दिसला असावा, पलीकडच्या राजा घाटापर्यंतची सगळी आली. एकानं रुमाल ओढला आणि पोथी टाकून रुमाल घेऊन गेलं. मी काठी घेतली. मजूर बाबूजी बाबूजी ओरडत पोथ्या कवळ्यानं उचलून जिन्यात टाकायला लागले. मीच म्हटलं, टाका, आधी आत घ्या. नंतर बघू.

नुकसान: एक रुमाल, माझ्या चष्म्याची काडी. पोथ्या चारशे बाराच्या चारशे बारा सुखरूप. तीनदा मोजल्या.

क्रम: बहुतेक तोच.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

क्रम पूर्णपणे तोच नाही असं म्हणता येईल.

जिन्यात जो ढीग होता तो वरून खाली उतरवला. शेवटच्या ओळी आधी उचलल्या गेल्या असणार, म्हणून त्या तळाशी असणार, असा हिशेब धरून फळ्या लावल्या. तीन पोथ्या उघडून पाहिल्या. दोन मला वाचता आल्या नाहीत, एकीत वर अधलंमधलं पान होतं. त्यात घोडा हा शब्द सापडला. यादीत त्या जागी अश्वमेधावरचं काहीतरी आहे. म्हणजे तपासलेल्यांपैकी ज्या वाचता आल्या त्या शंभर टक्के बरोबर.

दहा-वीस इकडच्या तिकडे झाल्या असतील. फार तर तीस.

आनंदी म्हणाली, आत ते पडलेत, आत्ता जाऊन सांगा त्यांना, आपणच सांगितलेलं बरं. मी म्हटलं, डॉक्टरनं डोळ्याला ताण द्यायचा नाही म्हटलंय. ती म्हणाली, कानाला नाही म्हटलेलं. हल्ली उलट बोलते. तिला बजावून ठेवलं की तूही काही बोलायचं नाहीस.

२४ ऑक्टोबर, सोमवार

काळी लेबलं आली. काय सुबक छापलीत! कडा धारदार, दोन्हीकडे कोरी जागा. पहिल्या फटक्यात टुंग. फळीवर जशा आहेत तशा क्रमानं लावत गेलो. संध्याकाळी साडेपाचला V412. एकही लेबल वाया नाही.

मनात थोडी धाकधूक होती. पण चारशे बारा वेळा टुंग ऐकल्यावर ती राहत नाही.

३ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळी झाली. रोज सराव करतो. आनंदी यादीतलं नाव म्हणते, मी नंबर बघतो, पोथी काढतो, टुंग. सरासरी अठ्ठेचाळीस सेकंद. आता मला नुसत्या डोळ्यांनीही रेघा वाचता येतात. V म्हणजे आधी बारीक, मग पांढरं जाड, मग काळं जाड. बनारसमध्ये हे येणारा मी एकटाच असेन.

आज शास्त्रीबुवांना पोथीशाळेत परत नेलं. नव्या डोळ्यानं त्यांना लांबचं, जवळचं, सगळं स्वच्छ दिसतं. घाटावरच्या होड्यांवरची अक्षरं त्यांनी वाचून दाखवली. मग आत जाऊन बसले. एक पोथी काढली, लेबल पाहिलं, यादीतलं नाव मला विचारलं. पोथी उघडली. खूप वेळ पाहिली. परत बांधून ठेवली. दुसरी काढली. मी दाराशी उभा होतो. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

त्यांनी विचारलं नाही. नवा डोळा आहे, अजून बसायचाय, एवढं म्हणाले.

१० नोव्हेंबर, गुरुवार. कार्तिक पौर्णिमा

घाटावर दिवे लागले. आज सांगणार होतो. ते पायरीवर एकटेच बसले होते. जवळ गेलो, तर तोंडानं काहीतरी म्हणत होते. मला वाटलं स्तोत्र आहे. नीट ऐकलं तर पोथ्यांची नावं होती, पहिलीपासून. शंभरच्या पुढे कुठेतरी अडले. परत पहिल्यापासून सुरू केलं.

देवाचं चाललेलं असताना मध्ये बोलणं बरं नव्हे. परत आलो.

१३ नोव्हेंबर, रविवार

उद्या सकाळी सात वाजता, प्रेमलाबाई यायच्या आत, सांगायचं. ठरलं. यात बदल नाही.

१४ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी

सात वाजता प्रिंटरमध्ये कागद अडकला होता.

प्रेमलाबाई दहाला आल्या. पन्नाशीच्या, शांत, सुती साडी, हातात स्वतःचं भिंग. फळ्या बघून छान म्हणाल्या. लेबलाचं विशेष कौतुक केलं, हे नोंदवतो. मग यादीतून एक नाव निवडलं, मुहूर्तावरचा कुठला तरी ग्रंथ. मी बत्तीस सेकंदांत काढला. टुंग. पडद्यावर नाव. त्यांनी गाठ सोडली, दोन पानं वाचली आणि म्हणाल्या, हा तर लोणच्यांवर आहे.

दुसरी काढली. यादीत श्राद्धविधी, आत हत्तींचे रोग. तिसरी, चौथी. दहा पाहिल्या. एक बरोबर निघाली.

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, ही नावं कोणी सांगितली?

खोलीत आम्ही तिघंच होतो. मी तोंड उघडलं होतं. पण शास्त्रीबुवा आधी बोलले. म्हणाले, बाई, नावं मी सांगितली. वासुदेवानं जसं मी बोललो तसं लिहिलं, त्याची काही चूक नाही. बोलताना हात जोडले होते. गेले दहा दिवस मी बघतोय, म्हणाले, एकही नाव बसत नाही. माझंच काहीतरी गेलंय.

प्रेमलाबाईंनी त्यांना बसवलं. पाणी दिलं. मी फळी नीट करत राहिलो.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

शास्त्रीबुवा किती मोठे! मला वाचवण्यासाठी सगळं स्वतःवर घेतलं. त्यांना माकडांचं कुठून तरी कळलं असणार. गच्चीवरचं शेजाऱ्यांनी पाहिलं होतंच. आता मी जाऊन खरं सांगितलं तर त्यांच्या त्यागाचा अपमान होईल.

आनंदीला हे सांगितलं. ते पातेलं तिनं माळ्यावर टाकलंय.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याचं पत्र. पोथ्या ४ डिसेंबरला हलवणार. तिथले जाणकार एकेक वाचून ओळखायचा प्रयत्न करतील, काही वर्षं लागतील. शास्त्रीबुवांना वयोमानानं झालेल्या विस्मरणामुळे जबाबदारीतून मोकळं करण्यात येत आहे. चिटणिसांच्या परिश्रमांबद्दल आभार.

त्यांनी मला पत्र मोठ्यानं वाचायला सांगितलं. विस्मरण हा शब्द मी गाळला. ते म्हणाले, कागद इकडे दे. आता त्यांना वाचता येतं.

२७ नोव्हेंबर, रविवार

प्रेमलाबाईंना सविस्तर पत्र लिहिलं. कोड थर्टीनाइनची निवड, ताऱ्यांचं महत्त्व, शाईच्या रंगाबाबत माझे अनुभव, छपाई, सराव. सहाव्या परिच्छेदात गच्चीचं. सगळं, तारखेसकट. नावं अचूक होती, क्रम मी घालवला, असं स्पष्ट.

पत्र फार लांबलं. कामाच्या माणसाला एवढं वाचायला वेळ नसतो. म्हणून सहावा परिच्छेद काढला.

४ डिसेंबर, रविवार

पोथ्या गेल्या. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून डोक्यावरून वरच्या रस्त्यापर्यंत नेल्या. शास्त्रीबुवा दारात उभे होते. प्रत्येक पेटी समोरून गेली की तिला हात लावत होते. तेविसाव्या पेटीनंतर खोलीत गेले.

७ डिसेंबर, बुधवार

शास्त्रीबुवा जबलपूरला गेले, मुलीकडे, लीलाकडे. कँट स्टेशनवर मी पोचवायला गेलो. रेल्वेचा माणूस, खिडकीची जागा मिळवून दिली, सामान बाकाखाली लावलं. एक वळकटी, एक पिशवी. गाडीला अठरा मिनिटं होती. अठरा मिनिटांत सांगण्यासारखं होतं.

त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. शेजाऱ्यांकडून नाही, आनंदीकडूनही नाही. ते मला वाचवत नव्हते. त्यांनी खिडकीतून माझं मनगट धरलं आणि अगदी हळू, आजूबाजूच्यांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, वासुदेवा, तू खरं सांग, तू शेजारी बसून लिहीत होतास, मी सगळीच नावं चुकीची सांगितली का रे? एकही बरोबर नव्हतं? लीलाचंसुद्धा नाव उद्या विसरेन अशी भीती वाटते.

मी म्हटलं, वयानं होतं असं, शास्त्रीबुवा. मनाला लावून घेऊ नका.

ते हो म्हणाले. मनगट सोडलं. मग बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले.

गाडी वेळेवर सुटली. घरी आल्यावर आनंदीनं विचारलं. नीट गेले म्हणून सांगितलं.